फाटकाच्या अलीकडचे अन्न



वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठद हे शेतीवर जगणारे गाव. या टापूतील काळ्या जमिनीत एकेकाळी खरीप ज्वारी डोलत असे. आता सोयाबीनचे राज्य आहे. सोयाबीन तेलाच्या कारखान्याकडे जाते, शेतकऱ्याच्या लेकराच्या ताटात येत नाही. त्याबद्दल शेतकऱ्याला बोल कशाला लावावा? ज्वारीने त्याचा संसार चालत नव्हता.

ताटाची काळजी शासनाने काही अंशी वाहिली. १९९५ साली सुरू झालेली माध्यान्ह भोजन योजना २०२१ पासून ‘पीएम पोषण’ या नावाने चालते. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा हिशेब आहे. पण हे एकाच वेळचे अन्न. उरलेल्या वेळांची भाकरी, वरण, अंबाडीची भाजी घराने द्यायची असते, आणि नेमकी तेथेच पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटे शिरली आहेत.

अति मीठ, साखर व मेदाचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा नियम २०२० साली झाला. नाणे मात्र मुलाच्या हाती घराच्या उंबरठ्यावर पडते. तेथे कोणता निरीक्षक येणार? त्याच नाण्यात मूठभर फुटाणे येतात.

शालेय व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. डाळ पातळ का, हे त्यांनी अवश्य विचारावे. त्याच बैठकीत दप्तरातल्या पाकिटाचाही विषय घ्यावा.