डोकी मोजायची की किलोमीटर?

आज गडचिरोलीबद्दल बोलायचं आहे. मी मूळचा आरमोरीचा, बी.टेक. नागपूरला केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. गाव सांगितलं की पुण्यात पहिला प्रश्न नक्षलवाद्यांचाच येतो. आज तो विषय नाही. आजचा विषय त्याहून कंटाळवाणा वाटेल असा आहे, तो म्हणजे वाटपाचं सूत्र. पण थोडं थांबा, त्यात बरंच काही अडकलेलं आहे.

आधी आकडे. २०११च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजार ९४२ आहे आणि क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये ७४ माणसं. राज्याची सरासरी ३६५. पुणे जिल्ह्याचं क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किलोमीटर, म्हणजे आकाराने दोघे जवळपास सारखे, पण पुण्याची घनता ६०३.

आता कोणी म्हणेल, पुण्यात शहर आहे, तुलना कशी होईल? बरोबर आहे. जिल्हा परिषद ग्रामीण भागाची असते, म्हणून ग्रामीणच धरू. पुण्याचे सुमारे ३६.८ लाख, गडचिरोलीचे सुमारे साडेनऊ लाख. तरीही जवळजवळ चौपट फरक उरतो.

पण ७४ हा आकडासुद्धा फसवा आहे. उत्तरेला आरमोरी, वडसा या बाजूला वैनगंगेकाठी भातशेती आहे, गावं एकमेकांच्या जवळ आहेत. वडशाला रेल्वे आहे. तिथून दक्षिणेकडे निघालात की जंगल दाट होत जातं आणि गावं विरळ. गडचिरोली शहरातून सिरोंचाला जायचं तर दोनशे किलोमीटरच्या वर, तेही त्याच जिल्ह्यात. तिथल्या माणसाला गोदावरी ओलांडून तेलंगणात दवाखान्यात जाणं सोपं पडतं, आणि लोक जातातही. भामरागड तालुक्यात तर २०११ला सगळे मिळून छत्तीस हजारांच्या आसपास लोक होते. पुण्यातल्या एखाद्या वॉर्डात याहून जास्त निघतील.

आता नियम बघा. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक, डोंगराळ आणि आदिवासी भागात २० हजारांमागे एक. उपकेंद्र ५ हजारांमागे, आदिवासी भागात ३ हजारांमागे. म्हणजे सरकारला फरक माहीत आहे, सूट दिलेली आहे. पण सूट कशात दिली? डोक्यांच्या संख्येतच. भामरागडला हा नियम शब्दशः लावला तर दोन आरोग्य केंद्रंही पूर्ण बसत नाहीत. लाहेरीच्या पुढे बिनागुंड्याकडे जाताना गुंडेनूर नाला लागतो, पावसाळ्यात रस्ता तिथे तुटतो. खुद्द भामरागडजवळ पर्लकोटेचा जुना ठेंगणा पूल वर्षानुवर्षं पुरात बुडत आला आणि तालुक्याचं ठिकाणच तुटत आलं. बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बाईला आपल्या केंद्रामागे लोकसंख्या किती आहे याच्याशी काय देणं-घेणं? तिच्या आणि केंद्राच्या मध्ये नाला आहे की नाही, एवढाच तिचा प्रश्न आहे.

आमच्या कामात दोन मापं वेगळी ठेवतात. सर्व्हर एका वेळी किती लोकांना पुरतो हे एक, आणि एका माणसाला उत्तर मिळायला किती वेळ लागतो हे दुसरं. पहिलं छान असून दुसरं भिकार असू शकतं. गडचिरोलीचं नेमकं तेच होतं. कागदावर माणशी सोय ठीकठाक दिसते. पोचायला लागणारा वेळ कुठल्या रकान्यातच नाही.

आता पैशाकडे येऊ. १५व्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला हिस्सा राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला १५ टक्के वजन दिलं, क्षेत्रफळालाही १५ टक्के, आणि वर वनाच्छादन-पर्यावरणाला १० टक्के. म्हणजे राज्याच्या पातळीवर मान्य आहे की पसरलेला प्रदेश सांभाळायला खर्च येतो आणि जंगल राखण्याचंही काही मोल आहे. पण त्याच आयोगाने स्थानिक संस्थांचं अनुदान राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला ९० टक्के वजन दिलं आणि क्षेत्रफळाला १०. जंगलाला काहीच नाही. जंगल प्रत्यक्षात ज्यांच्या दारात आहे, त्या पातळीवर आल्यावर ते सूत्रातून गळून पडतं! मला हे वाचून गंमत वाटली, मग राग आला.

हेच ९०-१० जिल्ह्यांना लावलं तर काय होईल, ते करून बघू. समजा राज्यात पुणे आणि गडचिरोली दोनच जिल्हा परिषदा आहेत आणि वाटायला शंभर रुपये आहेत. (पुण्याचं शहरी क्षेत्रफळ वगळलेलं नाही, सोयीसाठी.) गडचिरोलीला मिळतात २३ रुपये, पुण्याला ७७. क्षेत्रफळाचं वजन ५० केलं तर गडचिरोलीचे ३४ होतात.

आता समोरून चोख उत्तर येऊ शकतं. ९०-१० मध्येसुद्धा गडचिरोलीला माणशी पुण्यापेक्षा साधारण १७ टक्के जास्तच मिळतात की! तक्रार कसली? ठीक. मग प्रश्न असा, की त्या माणसापर्यंत पोचायचा खर्च फक्त १७ टक्क्यांनी जास्त आहे का? आरोग्यसेविकेला, हातपंप दुरुस्त करणाऱ्याला, पोषण आहाराच्या गाडीला विचारा.

प्रामाणिकपणे सांगतो, क्षेत्रफळ हेही काही उत्तम माप नाही. जिथे कोणी राहत नाही अशा जंगलाला रस्ता नको, शाळा नको. मोजायचं तर वस्त्या किती आणि तालुक्यापासून, पक्क्या रस्त्यापासून किती लांब, हे मोजायला हवं. नकाशे आहेत, रस्त्यांचा डेटा आहे, पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांची यादी तर प्रशासन दरवर्षी करतं. हे गणित करायला आज एक साधा लॅपटॉप पुरतो. आदिवासी उपयोजनेचे वगैरे पैसे वेगळे येतात, तेही मान्य. पण ते योजनांचे पैसे. जिल्हा परिषदेचं रोजचं गाडं त्यावर चालत नाही.

दरम्यान इथल्या लोकांनी अंतरावर उपाय शोधले, आणि ते सगळे एकाच जातीचे आहेत: लांबची गोष्ट जवळ आणून ठेवायची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९मध्ये लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आला, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. दवाखाना जवळ आला नव्हता, ज्ञान आलं होतं. पुढे देशभरच्या आशांच्या कामात ते गेलं. ‘माहेरघर’ योजनेत उलट दिशेने तेच होतं, तारीख जवळ आली की बाई आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहते.

कारभाराचंही तसंच. गट ग्रामपंचायतीत चार-पाच गावं, ग्रामसभा एकीकडे, मग जंगलातून पायी कोण येणार? पेसा कायदा १९९६चा, राज्याचे नियम २०१४चे. त्यांनुसार पाड्यालाही ठराव करून स्वतःचं गाव आणि स्वतःची ग्रामसभा मिळवता येते. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे पाचशेच्या आतबाहेर वस्तीचं गाव. २००९मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक थेट ग्रामसभेच्या हातात आलं. माणशी हिशेबाने हे गाव नगण्य आहे. पण ते जेवढं जंगल सांभाळतं, त्याचा हिशेब लावून बघा.

आता घाई का, ते सांगतो. २००१ ते २०११मध्ये राज्याची लोकसंख्या १६ टक्के वाढली, गडचिरोलीची साडेदहा टक्के. पुढची गणना २०२७ची. हाच कल राहिला असेल तर नव्या आकड्यांत जिल्ह्याचा वाटा आणखी घटेल, किलोमीटर मात्र तेवढेच राहतील. राज्याच्या आत कोणत्या जिल्हा परिषदेला किती, याच्या शिफारशी राज्य वित्त आयोग करतो. तो दर पाच वर्षांनी नेमायचा असतो आणि त्याच्यासमोर निवेदन द्यायला कोणालाही बंदी नाही. वरचं गणित मी एका पानाच्या शीटमध्ये मांडलं आहे. तुमच्या जिल्ह्याचे आकडे घातले की चालतं. नंदुरबार, सिंधुदुर्गच्या कोणी करून बघितलं तर मला उत्तर कळवा.