मांडणीवरची रिकामी जागा
(वाशीम येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच वत्सगुल्म नगरात झाला, अशी कथा राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात सांगितली आहे. वाशीमकरांना तिचा अभिमान वाटावा हे स्वाभाविकच आहे. परंतु मराठीत 'साहित्य' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. स्वयंपाकाचे साहित्य असते, सुताराचे साहित्य असते, तसे नाटकाचेही साहित्य असते : कंदील, पेटी, तांब्या, काठी. लिहिलेल्या साहित्याची संमेलने भरतात, त्याला पारितोषिके मिळतात. मांडलेले साहित्य जमवणाऱ्याचे नाव प्रेक्षकाला बहुधा ठाऊकही नसते. या दुसऱ्या साहित्यिकाविषयी आज विचार करावयाचा आहे.

नाटकवाल्यांच्या बोलीत या वस्तूंना 'प्रॉपर्टी' म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा अर्थ मालमत्ता असाही आहे; आणि ज्याच्या हाती सारी 'प्रॉपर्टी', त्याच्या स्वतःच्या नावावर मालमत्ता अशी फारशी नसते, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. जाहिरातीच्या आणि छायाचित्रणाच्या धंद्यात हेच काम करणाऱ्याला आता 'प्रॉप स्टायलिस्ट' असे नाव मिळाले आहे. नाव नवे असले तरी विद्या जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या अंगाने 'पुस्त' म्हणजे कृत्रिम वस्तू घडविण्याचा विचार केलेला आहे. बांबू, कातडे, कापड, लाख अशा हलक्या पदार्थांच्या वस्तू कराव्यात; धातूची जड आयुधे देऊ नयेत, कारण त्यांच्या भाराने नट थकतो, असे तेथे सांगितले आहे. कलेच्या शास्त्रात श्रमणाऱ्या देहाची ही आठवण ठेवलेली आहे, हे विशेष.

वस्तू निवडणाऱ्याची प्रतिभा कशात असते? महाराष्ट्राच्या रंगभूमीने याची दोन उत्तरे दिली. पहिले गंधर्व नाटक मंडळीचे. भारी गालिचे, भरजरी वस्त्रे, अत्तराचा सुगंध, सारे अस्सल हवे, असा बालगंधर्वांचा आग्रह. त्या वैभवाने प्रेक्षक दिपून गेला. पण मंडळी कर्जाच्या ओझ्याखाली वाकली. दुसरे उत्तर कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांचे. त्यांच्या दृष्टीने वस्तू किती किमती आहे यापेक्षा ती कोणाचे जिणे सांगते, हे महत्त्वाचे होते.

बाबुराव (१८९०-१९५४) कारागीर घराण्यातले. मूळ आडनाव मेस्त्री. चुलतबंधू आनंदरावांसह ते नाटक मंडळींचे पडदे रंगवीत. १९१६ साली आनंदराव निवर्तले. दोघांनी पाहिलेले चित्रपटाचे स्वप्न बाबुरावांनी पुढे नेले आणि विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने कॅमेरा स्वतःच घडवला. गायिका तानीबाई कागलकर यांच्या द्रव्यसाह्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. 'सैरंध्री' (१९२०) मधील कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब साधले होते की प्रेक्षक हादरून गेले आणि ते दृश्य पुढे काढून टाकावे लागले. ज्या हातांनी पडदे रंगवले, लाकूड तासले, यंत्र जुळवले, त्याच हातांनी ही किमया केली. त्यांच्या कलेची प्रेरणा कारखान्यातून आणि सुताराच्या ओट्यावरून आलेली होती.

परंतु बाबुरावांचे खरे मोठेपण 'सावकारी पाश' (१९२५) या मूकपटात दिसते. कथा नारायण हरी आपटे यांची. जमीन सावकाराच्या घशात गेलेला तरुण शेतकरी शहराची वाट धरतो आणि गिरणीत मजूर होतो. ही भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. अंधूक प्रकाशातली उदास झोपडी आणि तिथे रडणारे कुत्रे, हे त्यातले दृश्य पाहणाऱ्यांच्या मनात वर्षानुवर्षे राहिले. मूकपटात कुत्र्याचे रडणे ऐकू येणे शक्य नव्हते. ते केवळ दिसले, आणि तेवढ्याने कर्जबाजारी घराची कळा सांगून झाली. देवादिकांच्या चित्रपटांच्या त्या काळात बाबुरावांनी कुणब्याच्या घरातल्या वस्तूंकडे कॅमेरा वळवला, ही लहान गोष्ट नव्हे.

या वस्तूंचे सामर्थ्य शेतकऱ्याला त्याआधीच कळले होते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला, तेव्हा शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांकडच्या कर्जखतांवर होता. त्यांनी ते कागद मागून घेतले आणि जाळले. घरातली कोणती वस्तू आपल्या जिण्यावर सत्ता चालवते, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

वस्तूची निवड हा म्हणूनच अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे. पितळेचे भांडे हे खेड्यातल्या घराची केवळ शोभा नव्हे. ती त्या घराची बचत असते. अडीनडीला ते गहाण पडते, मोडीत निघते. स्टीलच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्याला मोडीत तशी किंमत येत नाही. तेव्हा कर्जात बुडालेल्या कुटुंबाचा प्रवेश मांडताना एखाद्याने भिंतीशी पितळी घंगाळ आणि हंड्यांची उतरंड रचली, तर प्रवेश देखणा होईल, पण खोटा होईल. ती भांडी केव्हाच बाहेर गेलेली असणार. तिथे मांडणीवरची रिकामी जागा दाखवावी लागेल, आणि ती दिसण्यासाठी शेजारी दोन साधी भांडी ठेवावी लागतील. हे ज्याला सुचते, तो कलावंत. आणि हे सुचण्यासाठी त्याने अशी घरे डोळे उघडे ठेवून पाहिलेली असावी लागतात.

वाशीम जिल्ह्यात अशी घरे शोधत फिरावे लागत नाही. जुलै २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यांत वाशीम होता. आजच्या सोयाबीन उत्पादकाचे घर रंगमंचावर उभे करावयाचे तर वखर आणि तिफण एवढ्याने भागणार नाही. पाठीवरचा फवारणीचा पंप, औषधाची रिकामी डबी, बँकेचे पासबुक, सातबाऱ्याचा उतारा, कृषी केंद्राच्या उधारीची चिठ्ठी, हे आजचे नाट्यसाहित्य आहे.

बाजाराची निवड मात्र उलट दिशेने चालते. शहरातल्या उपाहारगृहात बैलगाडीचे चाक भिंतीला टांगले जाते. ती गाडी का मोडली, हे कोणी विचारत नाही. बंजारा स्त्रियांचे आरसे-कवड्यांचे भरतकाम जाहिरातीत झळकते; शिवणारीच्या मजुरीचा उल्लेख नसतो. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले, ही समाधानाची बाब. पण बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणारी लदेणी रेल्वेपुढे कशी मोडली आणि तांड्यावरच्या माणसाला मजुरी कशी शोधावी लागली, ही कथा त्या वस्त्रांबरोबर सांगितली गेली पाहिजे. मालकापासून तोडलेली वस्तू नुसती सजावट होते.

कार्यकर्त्यांनी यातून दोन कामे उचलावीत. नाटक, चित्रपट वा जाहिरात कोणतीही असो, वस्तू जमवणाऱ्याला आणि घडवणाऱ्याला ठरलेला मोबदला मिळावा आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव यावे, ही मागणी इतर कामगारांच्या मागण्यांइतकीच न्याय्य आहे. दुसरे असे की गावातल्या पथकांनी नाटक बसवताना साहित्य भाड्याने आणण्याआधी गावातली घरे पाहावीत. कोणती वस्तू कोणी केली, कोणत्या पैशांतून आली, कितीदा सांधली, केव्हा गहाण पडली, हे विचारून टिपून ठेवावे. अशा टिपणांतून नाटक तर सजेलच. शिवाय गावाच्या कर्जाचा असा हिशेब हाती येईल, जो सरकारी तक्त्यांत सापडत नाही.