तुम्ही कोणत्या बाजूने चावता?

(अमरावतीत तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप.)



आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "दात". पलीकडे थोडा वेळ काही आवाजच आला नाही. बरोबर आहे. आपल्या बैठकांमध्ये शिक्षणावर बोलणं होतं, तलाकवर होतं, संविधानावर होतं. त्यात दाताची कॅप कुठे बसते? माझं म्हणणं आहे की बसते. घरात कोणाचा दात वाचवायचा आणि कोणाचा उपटायचा, हे कसं ठरतं ते पाहिलं तर आपल्या घराचा सगळा हिशोब उघडा पडतो.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि मुफ्तीही नाही. सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. एक कॅप चुकीची बसवून घेतली, दहा वर्षं ती तोंडात वागवली, मग बदलली. त्या भानगडीत जे शिकलो ते सांगतो.

मी अकोल्याचा. चौदा वर्षांचा असताना मोहल्ल्यातल्या क्रिकेटमध्ये वरचा पुढचा दात अर्धा तुटला. पुढे तो काळा पडत गेला. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यू आले, तेव्हा घरच्यांना घाई सुटली. आठ दिवसांत रूट कॅनल आणि कॅप, दोन्ही उरकलं. रंग कोणता हे मला कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. "एकदम पांढरा लावून देतो" एवढंच कानावर आलं आणि मी खूश झालो. बसवल्यावर कळलं की बाकीचे दात दातासारखे आणि तो एकटा खडूसारखा. दोन वर्षांत हिरडी थोडी वर सरकली आणि दाताच्या मुळाशी काळी रेघ दिसायला लागली. मित्र म्हणायचा, "काहून बे, हसतांनी तोंडावर हात काहून ठेवतं?" माझ्या निकाहच्या अल्बममध्ये एकाही फोटोत माझे दात नाहीत.

पण मला सांगायचं आहे ते दुसरंच. त्याच वर्षी अम्मीची खालची दाढ ठणकत होती. रूट कॅनल करून कॅप लावली तर दाढ वाचेल, असं तिला सांगितलं होतं. अम्मी म्हणाली, "माझं काय आता, काढून टाका." आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. माझ्या कॅपचे पैसे देताना घरात चर्चासुद्धा झाली नव्हती. अम्मीची दाढ गेली. तीन वर्षांनी तिच्या शेजारची गेली. आता ती ज्वारीची भाकर रश्शात भिजवून एकाच बाजूने चावते. तिची कोणी मनाई केली नव्हती. कोणी विचारलंच नव्हतं, एवढंच.

म्हणून आज मी विचारायच्या गोष्टीच सांगणार आहे.

पहिला प्रश्न: कॅप खरंच लागते का? कॅप बसवायची तर दात चारी बाजूंनी आणि वरून घासावा लागतो, साधारण एक ते दोन मिलिमीटर. घासलेलं एनॅमल परत उगवत नाही. रूट कॅनल झालेली दाढ, फार किडलेला किंवा तुटलेला दात, यांना कॅपचा आधार हवाच. पण नुसता कोपरा उडाला असेल तर दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरून भागतं. डाग असतील तर सफाई पुरते. वाकडे असतील तर तारा लावता येतात. स्थळ पाहायला येणार म्हणून मुलीचे चांगले दात घासून सहा-आठ कॅप बसवायच्या, हे हल्ली आपल्याकडेही चाललंय. वीस-बावीस वर्षांच्या मुलीचे निरोगी दात कोणाच्या पसंतीसाठी घासू नका. त्या कॅप आयुष्यात दोनदा-तीनदा बदलाव्या लागतील आणि तेव्हा बघायला आलेली मंडळी खर्चाला येणार नाहीत.

दुसरा प्रश्न: कोणत्या जागी कोणता माल? माझी पहिली कॅप आतून धातू आणि वरून पोर्सेलिनचा थर अशी होती. ही पद्धत १९६० च्या दशकापासून जगभर रुळली आहे आणि ती वाईट नाही. मजबूत असते, तुलनेने स्वस्त असते. पण आतला धातू झाकायला अपारदर्शक थर द्यावा लागतो, म्हणून पुढच्या दातावर ती मेल्यासारखी दिसू शकते. हिरडी सरकली की कडेचा धातू दिसतो. धातूत निकेल असेल तर काहींना त्याची ॲलर्जी असते, तेही विचारून घ्या.

आता बिनधातूच्या सिरॅमिक कॅपमध्ये दोन नावं तुम्ही ऐकाल. झिर्कोनिया आणि लिथियम डायसिलिकेट. लिथियम डायसिलिकेट ही काचेच्या जातीची सिरॅमिक. तिच्यातून खऱ्या दातासारखा उजेड आरपार जातो, म्हणून पुढच्या दातांना शोभते. झिर्कोनिया तिच्याहून कितीतरी मजबूत, म्हणून दाढेला चांगली. हल्ली जास्त पारदर्शक झिर्कोनियाही मिळते, पण पारदर्शकता वाढली की ताकद थोडी कमी होते. आणि तुमचा दात आतून फार काळा असेल तर फार पारदर्शक कॅपमधून तो काळेपणा डोकावतो. म्हणजे सगळ्यात महाग ती सगळ्यात चांगली, असं गणित इथे नाही.

झिर्कोनियाची कॅप कशी बनते हे मी लॅबमध्ये बघितलं आणि माझ्यातला इंजिनियर जागा झाला. दाताचं स्कॅनिंग होतं, कॉम्प्युटरवर कॅपचं डिझाइन होतं, मग मशीन खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून ती कोरते. पण कोरते खऱ्या मापापेक्षा सुमारे पाव हिस्सा मोठी. कारण पुढे भट्टीत, जवळपास १५०० अंशांना, ती आकसून बरोबर मापावर येते. हे सगळं अचूक होतं, पण एका अटीवर. दवाखान्यातून आलेलं माप किंवा स्कॅन स्वच्छ हवं. आमच्या धंद्यात म्हणतात, आत कचरा टाकला तर बाहेर कचराच येणार. हिरडीजवळची कड मापात नीट उमटली नसेल तर जगातली कोणतीही मशीन ती अंदाजाने बनवेल. म्हणून डॉक्टर म्हणाले की माप परत घ्यावं लागेल, तर कुरकुर करू नका. ते तुमचंच काम करत आहेत.

तिसरा प्रश्न: रंग कोण बघणार, कधी आणि कोणत्या उजेडात? दवाखान्यात दातांच्या रंगाची पट्टी असते. सगळ्यात प्रचलित पट्टीत सोळा छटा आहेत, ए, बी, सी, डी अशा चार गटांत. रंग दिवसाच्या उजेडात, काम सुरू होण्याआधी ठरवायचा. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकतात आणि आहेत त्याहून पांढरे दिसतात. त्या दिवशी लिपस्टिक नको. भडक रंगाची ओढणी असेल तर वर फिका कपडा टाका. दात उजळवून घ्यायचे असतील तर आधी उजळवा आणि मग कॅपचा रंग ठरवा, कारण ब्लीचने कॅपचा रंग बदलत नाही. आणि कॅप पक्की चिकटवण्याआधी आरसा घेऊन खिडकीपाशी जा. खरा दात मुळाशी थोडा पिवळा, टोकाशी थोडा पारदर्शक असतो. एकसारखा पांढरा दात निसर्गात नसतो. माझ्या दुसऱ्या कॅपची छटा ए-३ आहे. दिसायला पिवळसरच, पण ती कोणती हे आता मलाही आरशात शोधावं लागतं.

चौथा प्रश्न कागदाचा. डॉक्टरांची राज्य दंत परिषदेत नोंदणी आहे का? बाजारात बसून शेजारच्या दातांना तार गुंडाळून नकली दात "फिक्स" करणारे अजूनही आहेत. स्वस्तात एक दात मिळतो आणि दोन चांगले दात जातात. बिलावर मालाचं नाव लिहून घ्या. लॅबचं वॉरंटी कार्ड मागा, पण ती वॉरंटी कॅपची असते, खालच्या दाताची नाही. खर्च परवडत नसेल तर अमरावतीत विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचं दंत महाविद्यालय आहे, अकोल्याकडे जमनलाल गोयनका दंत महाविद्यालय आहे, नागपूरला शासकीय आहे. अशा ठिकाणी शिकणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, वेळ लागतो. पण "परवडत नाही" म्हणून दाढ उपटण्याआधी एकदा तिथे विचारून या.

आता आपल्या घरांत हमखास निघणाऱ्या शंका. "कॅपखाली पाणी जात नाही, मग गुस्ल होईल का?" उलेमांचं साधारण मत असं की जे इजा न होता काढता येत नाही ते दाताच्याच जागी धरलं जातं. काढता-घालता येणारी कवळी मात्र काढून चूळ भरावी. "हे अल्लाहची निर्मिती बदलणं नाही का?" हदीसमध्ये निषेध आहे तो निव्वळ सौंदर्यासाठी दातांत फट पाडून घेण्याचा. उपचाराची गोष्ट वेगळी आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहात हजरत अर्फजांची रिवायत आहे. लढाईत त्यांचं नाक गेलं, चांदीचं बसवलं तर त्याला दुर्गंधी यायला लागली, तेव्हा पैगंबरांनी त्यांना सोन्याचं बसवायला सांगितलं. पुरुषांना सोनं मना असतानाही. "पोर्सेलिनमध्ये हाडं असतात म्हणे!" हाडांची राख असते ती बोन चायनाच्या कपबशीत. दातांचं पोर्सेलिन फेल्डस्पार नावाच्या खनिजापासून बनतं. आणि रोजा? १९९७ साली जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने ठरावच केला आहे की दात भरणं, काढणं, साफ करणं याने रोजा तुटत नाही, काही गिळलं जाऊ नये एवढीच काळजी घ्यायची. तरी रमजानभर दुखणं अंगावर काढणारे प्रत्येक घरात आहेत.

शेवटी सांभाळण्याचं. कॅप किडत नाही, तिच्या कडेखालचा दात किडतो. रूट कॅनल झालेल्या दातात जाणीव नसते, त्यामुळे कीड लागली तरी दुखत नाही आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून दोनदा ब्रश, आणि रात्री दोन दातांच्या मधून फ्लॉसचा दोरा. मिसवाक जरूर करा, पण त्या फटीत ती पोचत नाही. सहरीनंतर गोड चहा पिऊन तसंच झोपू नका. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा बर्फ चोखा, कडाकडा फोडू नका. ईदला नल्ली झटकून खा, हाड चावू नका. झोपेत दात खात असाल तर रात्री घालायचा गार्ड बनवून घ्या. कॅप निघाली तर फेविक्विक लावू नका. डबीत ठेवा आणि दोन-चार दिवसांत डॉक्टर गाठा. वर्षातून एकदा तरी तपासणी करा.

आणि खर्रा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण आपल्या वऱ्हाडात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून देणं काही थांबलेलं नाही. सुपारीने दात झिजतात, कॅपवरचा थर उडतो. त्याहून वाईट म्हणजे सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. माझ्या एका जुन्या वर्गमित्राच्या तोंडात आता दोनच बोटं मावतात. त्याच्या दाढेला कॅप हवी आहे, पण तिथवर हत्यार पोचत नाही. या आजारातून पुढे कॅन्सरही होतो. तुमची तीन बोटं उभी तोंडात मावतात का, आज घरी आरशासमोर बघा. मावत नसतील तर उद्याच दवाखान्यात जा.

गेल्या वर्षी अम्मीची वरची दाढ दुखायला लागली, ती चावते त्याच बाजूची. ती सवयीने म्हणाली, "काढून टाका." या वेळी मी आणि आपा तिला घेऊन गेलो. रूट कॅनल झालं, झिर्कोनियाची कॅप बसली. खुर्चीवरून उतरताना तिने डॉक्टरांना विचारलं, "किती वर्षं चालेल?" नीट सांभाळली तर दहा-पंधरा वर्षं सहज, असं उत्तर आलं. त्यावर ती म्हणाली, "मग दुसऱ्या बाजूचंही काही होते का, पाहा." माझ्या आठवणीत अम्मीने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट आहे.

घरी गेलात की आपल्या अम्मीला, दादीला, खालाला एवढंच विचारा: तुम्ही कोणत्या बाजूने चावता? उत्तर ऐकल्यावर पुढचं काय करायचं ते तुमचं तुम्हाला कळेल.