रात्रशाळेतला व्यायामाचा तास



या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, मी तुमचा ऋणी आहे. मिळालेला वेळ मी एकाच मागणीसाठी वापरणार आहे. रात्रशाळेत शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना आखीव व्यायामाचा खराखुरा तास मिळाला पाहिजे. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक शाळांत हा तास वेळापत्रकावर असतो आणि प्रत्यक्षात गणिताला जातो.

जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. तेच जोतीराव लहुजी वस्तादांच्या तालमीत तयार झालेले होते. अक्षर आणि तालीम या दोन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यात एकत्र नांदल्या. आपण त्यांची फारकत केली.

‘दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला?’ हा प्रश्न मला मुख्याध्यापकांकडून नेहमी ऐकू येतो. बाजारात हमाली करणारा आमचा एक विद्यार्थी भरलेले पोते सहज पाठीवर घेतो. त्याला वर्गाबाहेरच्या पायरीवर तीन मिनिटे एका लयीत चढउतार करायला लावली. मग मनगटावर बोटे ठेवून तो ओठांतल्या ओठांत ठोके मोजू लागला, तर पंधरा सेकंद संपले तरी त्याची धाप थांबेना. पाठ दणकट होती, दम मात्र कमी पडत होता. यात नवल नाही. ओझ्याचे काम तासन्‌तास चालते, रक्तदाब चढता ठेवते आणि विश्रांती कधी घ्यायची हे कामगाराच्या हातात नसते. व्यायामात जोर किती लावायचा, किती वेळ लावायचा, मग थांबायचे कधी आणि पुढच्या आठवड्यात किती वाढवायचे, हे सगळे ठरलेले असते. जुने वस्ताद जोर-बैठकांचा आकडा चढवीत नेत, तो याच हिशेबाने. शिवणयंत्रावर किंवा सुरक्षारक्षकाच्या खुर्चीवर दिवस काढणाऱ्यांची गरज तर आणखी उघड आहे.

वय झाल्यावर शरीर कुठे बदलते, असेही म्हटले जाते. अमेरिकेत डॅलस येथे १९६६ मध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता चौथ्या हिश्शाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी निघाली. मग सहा महिने चालणे, हळू धावणे आणि सायकल असा क्रमाने वाढवलेला व्यायाम दिला. त्यांची क्षमता विशीतल्या मूळ पातळीवर परत आली. माणसे पाचच होती, हे मला ठाऊक आहे. पण अशी दीर्घ तपासणी दुर्मिळ असते आणि मला ती फार धीर देते.

पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगले कामाला लावते म्हणून. स्नायू भरतात नंतर. रक्तातील द्रव वाढतो, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलते आणि बसल्या जागी नाडी मंदावते. नाडीतला हा उतार विद्यार्थी स्वतः मोजतो आणि वहीत लिहितो. फळ्यावरचा आलेख ज्यांना कळत नव्हता, त्यांना आपल्या नाडीचा आलेख लगेच कळलेला मी पाहिला आहे. दोन-तीन आठवडे खंड पडला की हा लाभ ओसरू लागतो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीतही घरी करायचा व्यायाम लिहून द्यावा.

मूल्यमापनाबद्दल मात्र माझा आग्रह आहे. उत्तर अमेरिकेतील ‘हेरिटेज’ अभ्यासात शेकडो लोकांनी वीस आठवडे ठरावीक पद्धतीने सायकलचा व्यायाम केला. सरासरी क्षमता चांगली वाढली. पण कोणाची जवळजवळ वाढली नाही, तर कोणाची सरासरीच्या दुपटीहून अधिक वाढली. मेहनत तीच होती. तेव्हा पंचेचाळीस वर्षांच्या विद्यार्थिनीला बाविशीतल्या मुलाशेजारी उभे करून गुण देणे हा अन्याय आहे. तिची तुलना तिच्याच पहिल्या दिवसाशी व्हावी.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते. रात्रशाळेला सगळे जमणार नाही. तीन दिवस अर्धा तास दिला तरी दीडशेपैकी नव्वद मिनिटे शाळेत होतात. मैदान नको; पायऱ्या, बाक आणि भिंत पुरते. बाकावरून उठबस, भिंतीला टेकून जोर, पायऱ्यांची चढउतार आणि सूर्यनमस्कार एवढ्यावर बारा आठवड्यांचा क्रम बसतो. सुरुवातीला रक्तदाब तपासावा आणि छातीत दुखणाऱ्याला आधी डॉक्टरकडे पाठवावे, यात तडजोड नको.

हा तास शाळा सुटताना ठेवू नका. शेवटची गाडी आणि घरचा स्वयंपाक गाठायला तेव्हा निम्मा वर्ग उठलेला असतो. पहिल्या आणि दुसऱ्या तासाच्या मध्ये ठेवा. दुपारच्या सत्रात याचा ठराव येणार आहे. त्यावर मुख्याध्यापकांनी आपल्या अडचणी मोकळेपणाने मांडाव्यात आणि बारा आठवड्यांचा हा क्रम येत्या जूनपासून ज्या शाळा सुरू करतील, त्यांनी आपली नावे आजच कार्यवाहांकडे द्यावीत.