नोटेवरची खूण आणि आपल्या गावची पोर

अकलोलीहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

गटाच्या बैठकीत पैसे मोजताना दर वेळी एक चित्र आपल्या हातून जातं. नोटेवरची रुपयाची खूण. देवनागरी 'र' आणि उभी काठी काढलेला इंग्रजी 'आर' यांतून ती जमवली आहे. २००९ मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी खुली स्पर्धा ठेवली. तीन हजारांवर चित्रं आली, त्यातून निवडलं उदय कुमार यांचं. ते तेव्हा पवईच्या आयआयटीत डिझाइनचे विद्यार्थी होते. पवई म्हणजे काही परदेश नाही, आपल्या भिवंडीपासून जवळच. १५ जुलै २०१० ला खूण जाहीर झाली, बक्षीस अडीच लाखांचं.

आधार कार्डावरचा सूर्य आणि त्यातला बोटाचा ठसा हाही स्पर्धेतूनच आला, अतुल पांडे यांचा. आणि स्वच्छ भारतचा, भिंतीभिंतीवर दिसणारा गांधीजींचा चष्मा? तो २०१४ साली कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी काढून पाठवला होता.

हे आधी ठाऊक असतं तर गेल्या वर्षी आम्ही तसं वागलो नसतो. आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी चित्रकलेच्या कॉलेजात जाहिरातीचं डिझाइन शिकते. पहाटेची एस.टी. धरते, दिवेलागणीला घरी येते. तिला एका स्पर्धेत पोस्टर पाठवायचं होतं. फी, छपाई, कुरिअर धरून हजारभर रुपये लागणार होते. ताईनं गटाकडे कर्ज मागितलं. आम्ही काय म्हणालो? शेळीला देऊ, बियाण्याला देऊ, आजारपणाला देऊ. चित्राला कसलं कर्ज? विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. तोवर तारीख उलटून गेली. पोरगी काही बोलली नाही. पोस्टर मात्र अजून कपाटामागे गुंडाळून ठेवलंय.

आता कुणी म्हणेल, बक्षीस थोडंच मिळणार होतं? नसतं मिळालं, बहुतेक. रुपयाच्या स्पर्धेतही तीन हजार जण हरलेच की. पण ठरल्या तारखेला, दिलेल्या विषयावर काम पुरं करायची सवय लागते. ते काम तिच्या फाईलमध्ये राहतं आणि नोकरीला गेल्यावर आधी फाईलच मागतात. घरची शिफारस नसलेल्या पोरीला तेवढाच आधार.

डोळे झाकून फी मात्र भरायची नाही. सरकारी स्पर्धा पुष्कळदा फुकट असतात. नुसत्या सर्टिफिकेटसाठी पैसे उकळणारेही असतात, तेव्हा कॉलेजच्या सरांना विचारावं. नियम मुलीकडून मोठ्यानं वाचून घ्यावेत. जिंकलेल्या चित्रावरचा हक्क बहुतेक वेळा स्पर्धा घेणाऱ्याकडे जातो, तो आधी मान्य आहे का ते बघावं. मूळ फाईलची एक प्रत स्वतःकडे हवीच. आणि मोबाईलवरून उचललेलं चित्र पाठवू नये. पकडलं गेलं की नाव कायमचं जातं.

कला संचालनालयाच्या महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा वेगळा विभाग असतो, पारितोषिकंही असतात. यंदा तिथं पाठवायचं असं ताईच्या लेकीनं ठरवलंय. विषय आपल्याच तानसा नदीचा आहे. हजार रुपयांचं कर्ज वहीत लिहिलं गेलं, कारणाच्या रकान्यात 'चित्र' असं. मागच्या वेळी सगळ्यांत मोठ्यानं नाही म्हणणाऱ्या काकींनीच जामीन म्हणून अंगठा दिला.