ऐनवेळचा विषय
(रत्नागिरीतल्या सांस्कृतिक संस्थांच्या वार्षिक मेळाव्यातलं अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाला एकदाच बोलायला मिळतं. पुढच्या वर्षी मी तिकडे तिसऱ्या रांगेत बसलेला असेन आणि माझ्या हातात माईक नसेल, चहाचा कप असेल. म्हणून आभार-बिभार पुढच्या अध्यक्षांसाठी ठेवतो आणि विषयाला येतो. विषय तुम्हाला ठाऊक आहे. माझं नाव जाहीर झालं तेव्हाच काहींनी कपाळावर हात मारला होता, तेही माझ्या कानावर आलं आहे.

दारात सगळ्यांना येत्या हंगामाची पत्रिका मिळाली असेल. छपाई छान आहे, आता जरा वाचून बघा. पुढच्या आठवड्यात कार्तिकी एकादशी. मग तुळशीची लग्नं, ती लागली की माणसांची, म्हणजे हॉल गेले. त्याच दिवसांत राज्य नाट्य स्पर्धेची आपल्या केंद्रावरची फेरी. डिसेंबरात संमेलनं, एकांकिका, कीर्तनं, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे. जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव. तो उघड्यावर होतो, त्याला थंडी आणि कोरडं आभाळ हवंच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जानेवारीतला एक शनिवार बघा. एका संध्याकाळी चार कार्यक्रम, आणि चारही ठिकाणी हवेत तेच दोनअडीचशे प्रेक्षक. मध्यंतरात एका नाटकातून उठून दुसऱ्या गाण्याला धावणारी माणसं मी पाहिली आहेत. पुढे माघी गणपती, मग शिमगा, भैरीची पालखी. एप्रिल-मे आंब्याचे. आणि जून उजाडला की पान कोरं. जून, जुलै, थेट गणपतीपर्यंत कोरं. छापणाऱ्याला जागा रिकामी बघवली नाही, त्याने तिथे ताडपत्रीची जाहिरात टाकली आहे.

हे पान कोरं का, एवढाच माझा प्रश्न आहे. तो मी आपल्या प्रत्येक वार्षिक सभेत विचारला. तो कधीही विषयपत्रिकेवर आला नाही. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या शेवटच्या कलमात तो ढकलला जायचा, आणि ते कलम येईपर्यंत मागे पानं मांडल्याचा आवाज सुरू व्हायचा. अध्यक्ष घड्याळ बघून म्हणायचे, पुढच्या वेळी घेऊ. आज परवानगी देणारा मीच आहे, आणि मी मला परवानगी दिली आहे.

पावसात माणूस येत नाही, असं मला सांगितलं जातं. अहो, मग भाद्रपदात काय कोरडा दुष्काळ असतो? चाकरमानी मुंबईहून रात्रभर गाडीत अवघडून येतो, गुडघाभर चिखलातून आरतीला घरोघर फिरतो, पहाटेपर्यंत जाखडी बघतो, आणि ते सगळं धो धो पावसात. जाखडीचा सराव कधी चालतो? श्रावणात, वाडीवर, रात्रीची जेवणं आटपली की. पोथ्या कधी लागतात? श्रावणात. आषाढीला विठ्ठलाच्या देवळात रांग लागते ती काय ऊन पडलंय म्हणून? आपल्या आजापणज्यांचा अर्धा कलाव्यवहार पागोळ्यांच्या आतला आहे. आगोटीची बेगमी झाली, लावणी उरकली, की माणूस गाण्याबजावण्याला बसायचा. तो उठला तो आपण खुर्च्या मांडल्या तेव्हापासून.

आता खरं कारण सांगतो. आपली पत्रिका रत्नागिरीच्या माणसाकडे बघून ठरतच नाही. ती पुण्या-मुंबईच्या पाहुण्याच्या तारखेवर ठरते. पाहुण्याला थंडीत समुद्र बघायचा असतो, परतताना पावसला जायचं असतं, गणपतीपुळ्याला जायचं असतं, जमलं तर मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकासमोर फोटो काढायचा असतो. जुलैत तो घाट उतरत नाही. म्हणून जुलैत आपल्याला संस्कृती नाही.

मुद्दा एवढाच असता तर मी इतकी वर्षं भांडलो नसतो. मिरकरवाड्याला जा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. हजारो माणसं, जी वर्षभर रात्री-अपरात्री समुद्रावर असतात, ती या दोन महिन्यांत जमिनीवर असतात. नौका ओढून वर घेतलेल्या, शाकारलेल्या. जाळी दुरुस्तीला काढलेली. तांडेल घरी, मालक घरी, पोरं घरी. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की हा माणूस पुन्हा आपल्या हाती लागत नाही. आणि आपण 'किनाऱ्याची संस्कृती' या विषयावरचा परिसंवाद ठेवतो डिसेंबरात, रविवारी सकाळी दहाला! किनाऱ्यावरचा माणूस तेव्हा किनाऱ्यावर नसतोच. परिसंवादात त्याच्याबद्दल बोलायला कोण असतं, तर एक प्राध्यापक, एक निवृत्त अधिकारी आणि मी.

आंबा बागायतदाराचंही तेच. शेवटच्या पेट्या गेल्या की तो मोकळा होतो, आणि नेमका तेव्हा आपण पडदा पाडतो. शेतकऱ्याची लावणी असते, हे मला कुणी शिकवू नये; मी चिखलात उतरलेला माणूस आहे. लावणीचे दिवस सोडा, पण शहरातला कारकून, शिक्षक, दुकानदार कुठे लावणीला जातो?

आता थोडं माझं ऐका, ते विषयाला सोडून वाटलं तरी.

मी लहान असताना माझे काका पावसाळ्यात संध्याकाळी खाडीजवळच्या एका पडवीत जायचे. तिथे जाळी तुणायला माणसं बसायची. काका शाळामास्तर, त्यांना समुद्रातलं काही कळत नव्हतं. ते नगर वाचनालयातून पुस्तक आणायचे आणि मोठ्याने वाचायचे. जाळं विणणाऱ्याचे हात गुंतलेले असतात, कान रिकामे असतात, असं ते म्हणायचे. एका पावसाळ्यात त्यांनी पेंडशांची 'गारंबीचा बापू' वाचायला घेतली. वाचन पुढे सरकेना, कारण दर चार पानांनी भांडण. बापू बरोबर की चूक, राधेचं काय चुकलं, खोताच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं. एक म्हातारा तांडेल होता, अक्षरशत्रू. त्याचं म्हणणं, लेखकाने बापूला समुद्रावर पाठवायला हवा होता, म्हणजे तो लवकर शहाणा झाला असता. काकांना ताप आला तेव्हा त्याने नातवाबरोबर सुकटीची पुडी पाठवली आणि निरोप दिला, की मास्तर, पुढचं पान तरी सांगून पाठवा. मी त्यानंतर चर्चासत्रं खूप ऐकली, काहींचा अध्यक्षही होतो. तसली समीक्षा मला परत ऐकायला मिळाली नाही. ती पडवी आता नाही, तिथे पार्किंग आहे. पण वाचनालय आहे, १८२८ पासून आहे, आणि जाळीही अजून जूनमध्येच दुरुस्त होतात.

असो. काका बाजूला ठेवतो, नाहीतर आमचे काही मित्र म्हणतील की अध्यक्ष भावुक झाले. माझ्या सूचनेवर गेल्या सभेत एका विद्वानांनी आक्षेप घेतला, की पावसाळी कार्यक्रमांमुळे 'दर्जा घसरेल'. मी त्यांचं नाव घेणार नाही. डिसेंबरातल्या आल्हाददायक हवेतही ज्यांच्या व्याख्यानाला पहिल्या दोन रांगांपलीकडे खुर्ची भरत नाही, त्यांनी पावसाला दोष देऊ नये, एवढंच म्हणतो. दुसरे एक आहेत, ते वर्षातले आठ महिने सदाशिव पेठेत राहून कोकणच्या पावसाची काळजी करतात. त्यांनी रेनकोट घेऊन एकदा यावं. आणि इथे महिन्याच्या महिन्याला जे नेमाने बसतात, खल्वायनची मासिक संगीत सभा चालवणारे माझे मित्र, त्यांना मी या भांडणातून वगळलं आहे. त्यांना वाटेल मी पक्षपाती आहे. आहेच.

कुणी म्हणेल, चिपळूण विसरलात का? नाही विसरलो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी शहरात शिरली, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकं पाण्यात गेली. त्या पुराचं नाव घेऊन कुणी मला गप्प करू नये. रेड अलर्ट असेल त्या दिवशी कार्यक्रम रद्द करा, तारीख पुढे ढकला. एवढी अक्कल आपल्याला आहे. दरडी कोसळतात हे माहीत असूनही कोकण रेल्वे पावसाळ्यात बंद ठेवत नाहीत. तिचं पावसाळी वेळापत्रक काढतात. गाडीचा वेग कमी होतो, पण गाडी सुटते. एका रेल्वेला जे सुचलं ते इतक्या साहित्यिकांना, नटांना, गायकांना मिळून सुचलेलं नाही.

वीज जाते म्हणता? जनरेटर लावा, लग्नात लावता ना? पत्र्यावर पाऊस वाजतो, आवाज ऐकू जात नाही? मग पत्र्याखाली कशाला बसता, शाळांचे दगडी वर्ग आहेत, देवळांचे सभामंडप आहेत. ओल्या छत्र्या कुठे ठेवायच्या, हा प्रश्न तर एका सभेत वीस मिनिटं चर्चिला गेला आणि त्यासाठी उपसमिती नेमावी असं ठरलं. त्या उपसमितीची पहिली बैठक व्हायची आहे. पावसामुळे तहकूब झाली.

आणि शेवटी तो माणूस, ज्याच्या नावाने आपण शहर ओळखतो. बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, या गावातला. भर पावसातला. त्यांची पुण्यतिथी १ ऑगस्टला, तीही पावसात. या दहा दिवसांत रत्नागिरीने देशाला दाखवावं असं काही उभं करायला काय हरकत होती? आपण काय करतो? एका हातात छत्री, दुसऱ्या हातात हार, पुतळ्याला घालून नऊ वाजता कचेरीत. शाळांत वक्तृत्व स्पर्धा, तीच शेंगांची टरफलं, आणि संपलं. १९९० साली इथे अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, मधु मंगेश कर्णिक अध्यक्ष होते, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कोकण मराठी साहित्य परिषद उभी केली. एका संमेलनातून संस्था निघते, असं हे गाव आहे. त्याच गावाला दहा दिवस जड जातात!

तेव्हा ठराव मांडतो. २३ जुलै ते १ ऑगस्ट, शहरात रोज संध्याकाळी एक कार्यक्रम. निम्मे मिरकरवाडा, राजिवडा, मांडवी इथे, तिथल्या शाळांत, तिथल्या माणसांना विचारून. वक्ते बाहेरून बोलवायचे नाहीत. बोलवलेच तर एसटीचं भाडं आणि एक छत्री. जाखडीचे शाहीर, नमनातले सोंगाडे, जाळी विणणारे, वाचनालयातले वाचक, हेच कार्यक्रम करतील. पहिल्या संध्याकाळी मी स्वतः मोठ्याने वाचायला बसेन. कुठली कादंबरी ते ऐकणारे ठरवतील, आणि त्यांनी भांडायचं आहे.

सूचक मी आहेच. अनुमोदक कोण? मागून मला खुणावलं जातंय, पानं मांडून झाली आहेत म्हणे. झुणका गार झाला तरी चालतो. हात वर करा. नीट वर, अर्धे नकोत. सचिव, मोजा. व्यासपीठावरचेही मोजा. आणि तिसऱ्या रांगेतले ते गृहस्थ फोन आला म्हणून बाहेर चाललेत, त्यांना दारातच विचारा, बाजूने की विरुद्ध.