वांगारी माथाई यांचीं सात झाडें



महोत्सवाच्या या मंगल समयीं एखाद्या आदर्श जीवनावर चार शब्द बोलावे, अशी मला आज्ञा झाली आहे. आदर्श उंचावर बसवून त्याला हार घालणें सोपें असतें. परंतु ज्या बाईंविषयीं मी बोलणार आहें, त्यांनीं आपलें काम लोकांनीं पाहावें यापेक्षां तें लोकांनीं आपल्या हातांत घ्यावें, याचीच अधिक चिंता वाहिली.

वांगारी माथाई यांचा जन्म १९४० सालीं, आफ्रिकेंतील केनिया देशांत, न्येरीजवळच्या इहिथे गांवीं झाला. घरापाशीं उंबराच्या जातीचा एक विशाल वृक्ष होता. हा देवाचा वृक्ष, याची काटकीहि सरपणाला आणूं नये, अशी आईची सक्त ताकीद असे. जवळूनच झरा वाहत होता. मुलगी कन्सोलाता धर्मभगिनींच्या शाळेंत शिकली, पुढें अमेरिकेंत बेनेडिक्टाइन धर्मभगिनींच्या महाविद्यालयांत गेली. स्वदेशीं परतल्यावर पाहते तों वृक्ष तोडून तेथें चहा लावलेला, आणि झरा आटलेला! अशा वृक्षाचीं मुळें खडक भेदून खोल पाण्यापर्यंत पोहोंचतात, हें शास्त्र तिला नंतर उमगलें. उंबराजवळ पाणी लागतें, असें आपल्याकडील जुनीं माणसेंहि सांगतातच.

ता. ५ जून १९७७ रोजीं नैरोबी शहरांत माथाईबाईंनीं समारंभपूर्वक सात झाडें लावलीं. त्यांतील पांच मेलीं, दोन जगलीं. महोत्सवाच्या दिवशीं झाडें लावण्याची हौस आपणांसहि आहे. दुसऱ्या उन्हाळ्यांत त्यांतील किती हिरवीं राहिलीं, हें मोजावयास मात्र कोणी फिरकत नाहीं.

बाईंनीं तें मोजलें, आणि मग त्या खेड्यांतील स्त्रियांकडे वळल्या. सरपणासाठीं मैलोगणती पायपीट करणें आणि ओढ्याचें गढूळ पाणी भरणें हें त्यांच्याच नशिबीं होतें. देशांत माणसें दीड कोट, तेव्हां झाडेंहि दीड कोट लावूं, असें बाईंनीं वनखात्याच्या प्रमुखांस सांगितलें. ते हंसले, आणि हवीं तितकीं रोपें फुकट न्या म्हणाले. वर्ष पुरें होण्यापूर्वींच रोपांची मागणी इतकी वाढली कीं, त्यांना तें वचन मागें घ्यावें लागलें! ही हकीकत मला फार प्रिय आहे.

वनाधिकारी शिकवावयास येत, पण त्यांची शास्त्रीय भाषा अशिक्षित स्त्रियांना कळेना. तेव्हां बाई म्हणाल्या, तुम्हांला जन्मभर शेत पिकवितां येतें, तर झाड कां येऊं नये? मग स्त्रियांनीं फुटक्या मडक्यांतून रोपें वाढविलीं आणि शेळ्या-कोंबड्या पोहोंचणार नाहींत अशा उंच जागीं तीं मडकीं ठेविलीं. एकीचें पाहून शेजारीण शिकली; एका गांवाचें पाहून दुसरें गांव हललें. रोप जगलें तरच थोडासा मोबदला मिळे. या अटींतच त्या कार्याचें सारें बळ होतें, असें माझें मत आहे. लावलेल्या झाडांची संख्या पुढें पांच कोटींवर गेली.

हें सुखासुखीं घडलें नाहीं. १९८९ सालीं नैरोबीच्या उहुरू उद्यानांत साठ मजली मनोरा उभारण्याचा सत्ताधाऱ्यांचा बेत होता. बाईंनीं त्यास विरोध केला, तेव्हां त्यांची भर संसदेंत कुचेष्टा झाली. पण मनोरा उभा राहिला नाहीं. १९९९ सालीं करुरा अरण्यांत झाड लावावयास गेल्या असतां त्यांचें डोकें फोडण्यांत आलें. २००४ सालीं नोबेल शांतता पारितोषिकाची वार्ता कानीं आली, तेव्हां त्या न्येरीच्या वाटेवर होत्या. न्येरीस पोहोंचल्यावर त्यांनीं एक झाड लावलें.

ता. २५ सप्टेंबर २०११ रोजीं त्यांचें देहावसान झालें. आपल्या शवपेटीसाठीं लाकूड वापरूं नये, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून बांबू, पपायरसचें लव्हाळें व जलपर्णी यांची पेटी तयार करण्यांत आली, आणि तींतूनच त्यांची अंत्ययात्रा निघाली.